रिमोटने बंद केलेल्या उपकरणांचा वीजखर्च कसा थांबवावा

रिमोटने टीव्ही बंद केला तरी त्यावरचा लाल दिवा जळत राहतो, कारण रिमोटचा पुढचा इशारा टिपण्यासाठी आतील सर्किटला वीज लागतच असते. सेटटॉप बॉक्स, मायक्रोवेव्हवरचे घड्याळ, एसी आणि संगणकाचा यूपीएस यांचेही तसेच आहे. अशी अवघी एक वॉट वीज वर्षभर अखंड जात राहिली, तर ८.७६ युनिट होतात. गोव्याला लागणारी बहुतेक वीज राज्याबाहेरून येते, म्हणून ती कोणाच्याही उपयोगाविना खर्च होणे मला विशेष खटकते.

प्रथम मोजणी करावी. अंदाजाने बटणे बंद करत सुटण्यात अर्थ नाही. रात्रीची जेवणे आटोपल्यावर दिवे आणि पंखे बंद करावेत, फ्रिजही तेवढ्या दहा-पंधरा मिनिटांपुरता बंद ठेवावा, आणि टीव्ही, एसी वगैरे उपकरणे रोजच्यासारखी रिमोटने बंद करून त्यांची भिंतीवरची बटणे मात्र चालूच राहू द्यावीत. घरात इन्व्हर्टर असेल, तर त्याची बॅटरी पूर्ण भरलेली आहे याची खात्री करून घ्यावी. आता मीटरवरचा लुकलुकणारा बारीक दिवा पाहावा. एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा, तो आकडा ३२०० आहे आणि दिवा दर ४५ सेकंदांनी लुकलुकतो आहे. एक युनिट म्हणजे हजार वॉट ३६०० सेकंद, म्हणजेच ३६ लाख वॉट-सेकंद; या ३६ लाखांना ३२०० ने भागल्यास ११२५ येतात आणि त्याला ४५ ने भागल्यास २५; म्हणजे सगळे ‘बंद’ असतानाही घर २५ वॉट वीज घेत आहे. तीस दिवसांचे हे १८ युनिट झाले.

त्यानंतर भिंतीवरचे एकेक बटण बंद करावे आणि दर वेळी सेकंद पुन्हा मोजावेत. ज्या बटणानंतर दिव्याची गती एकदम मंदावते, तिथेच लक्ष द्यायचे. पुष्कळ घरांत तो सेटटॉप बॉक्स निघतो, कारण रिमोटने बंद केल्यावरही जुन्या बॉक्सचे आतले काम बहुतांशी चालूच राहते. दुसरा संशयित स्टॅबिलायझर. आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होत असल्याने तो सर्रास बसवलेला असतो, पण उपकरण बंद असले तरी त्याचा ट्रान्सफॉर्मर थोडी वीज खातच राहतो, आणि जून ते सप्टेंबर एसीला कोणी हात लावत नाही तेव्हाही त्याचे बटण चालूच असते. मोबाइलच्या रिकाम्या चार्जरवरून मात्र घरात वाद घालू नये. चांगल्या चार्जरचा हा खर्च नगण्य असतो.

पुढचे काम सोयीचे आहे. टीव्हीचे बटण कपाटामागे दडलेले असेल, तर ते रोज कोणीही बंद करणार नाही. टीव्ही, बॉक्स आणि स्पीकर एका चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन त्याचे बटण झोपायला जाताना सहज हाताला येईल अशा जागी बसवावे. एसी किंवा गिझर मात्र अशा बोर्डवर कधीही जोडू नये.

काही उपकरणांची वीज तडकाफडकी तोडू नये. एसी रिमोटने बंद केल्यावर काही मिनिटे थांबून मगच त्याचे भिंतीवरचे बटण बंद करावे. शाईचा प्रिंटर आधी त्याच्याच बटणाने बंद करावा, म्हणजे शाईचा हेड जागेवर जाऊन झाकला जातो. वायफाय राउटरवर सीसीटीव्ही चालत असेल, तर तो चालूच ठेवावा.

चवथीला मूळ गावी जाताना शहरातला फ्लॅट काही दिवस बंद राहतो. त्या वेळी फ्रिज आणि गरजेची उपकरणे वगळून बाकीच्यांची बटणे बंद करून प्लगही काढून ठेवावेत, कारण त्या दिवसांत वीज कडाडते आणि अशा वेळी नुसते बटण बंद असणे पुरेसे संरक्षण देत नाही.