घर सोडताना डिपॉझिटमधून काय कापू द्यायचं, काय नाही

मे महिन्यात जळगावात भाड्याचं घर बदलायचं म्हणजे आधीच उन्हात सामान हलवून जीव जातो, त्यात घरमालक डिपॉझिटचा हिशोब घेऊन बसला की अजून घाम. माझे कूलरवरून कापले होते. खिडकीतल्या कूलरचं पाणी झिरपून खालच्या भिंतीचे पोपडे निघालेले, ग्रिलवर पांढरा क्षार, आणि खरं सांगतो भो, चूक माझीच होती, दोन उन्हाळे खाली बादली ठेवून काढले पण पाइप बदलला नाही. फक्त मालकांनी एका भिंतीपायी अख्ख्या टू-बीएचकेचा कलर माझ्या नावावर टाकला, तिथे मी अडून बसलो.

हिशोब साधा आहे. वापरून झिजलं ते मालकाचं, तुम्ही तोडलं-बिघडवलं ते तुमचं. फिका पडलेला रंग, खिळ्याची दोन भोकं, जुना होऊन गळणारा नळ याचे पैसे मागणं चुकीचं. फुटलेलं बेसिन, भरताची वांगी भाजून भाजून ओट्यामागची टाइल तडकली असेल तर ती, थकलेलं भाडं, लाइट बिल, हे मात्र कापता येतं.

आता करायचं काय? महिनाभर आधी अ‍ॅग्रीमेंट काढून वाचा. नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (त्याआधी घर सोडता येत नाही अशी मुदत) आहे का, आणि 'कलरचं एक महिन्याचं भाडं' अशी ओळ आहे का ते बघा. ती ओळ असली तरी करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे भरपाई वाजवीच मिळते, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केलंच नसेल तर घाबरू नका, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची, आणि वाद झाला तर मालक उलटं सिद्ध करत नाही तोवर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं.

नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लेखी द्या, तोंडी 'सांगितलं होतं ना काका' चालत नाही.

शेवटच्या दिवशी सामान निघाल्यावर, उजेड असताना, मालकाला सोबत घेऊन व्हिडिओ काढा, प्रत्येक नळ उघडून, फ्लश करून, पंखे लावून. मीटरचं रीडिंग फोटोत घ्या, कारण महावितरणचं बिल नंतर येतं आणि त्यात पुढच्या भाडेकरूचे युनिट घुसतात. राहायला आलात त्या दिवसाचे फोटो असतील तर अर्धं भांडण तिथेच संपतं, माझ्याकडे होते म्हणून वाचलो.

कापले तर कशाचे किती ते लिहून मागा, पेंटरचं किंवा प्लंबरचं बिल मागा. चावी देताना बाकी रकमेची तारीख लेखी घ्या. आणि डिपॉझिट देत नाही म्हणून मुदत संपल्यावर घर अडवून बसू नका, लिव्ह-लायसन्समध्ये (ठराविक मुदतीपुरतं घर वापरायला देणारा करार) त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट भाडं अंगावर येऊ शकतं. पैसे अडकलेच तर वकिलाकडून नोटीस, नाहीतर दिवाणी दावा, त्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते.

मी पेंटरला बोलावून त्याच एका भिंतीचा रेट काढला, तेवढे कापायला हो म्हटलं, बाकीचे संध्याकाळी फोनपेवर आले. ग्रिल मात्र लिंबू लावून मलाच घासावी लागली.