फुंकायची तपासणी करताना या चुका टाळा

गेल्या महिन्यात इंदूरच्या रामबागेतल्या एक काकू एका दुसऱ्या सेंटरचा स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकायच्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आल्या. वय ६८, जिना चढताना दम लागतो, रात्री खोकला. रिपोर्टवर एकूण सोडलेली हवा १.६२ लिटर, पहिल्या सेकंदातली १.४० लिटर, पहिल्या सेकंदातल्या हवेचं एकूण हवेशी गुणोत्तर ०.८६. खाली छापलेलं, 'रिस्ट्रिक्शनची शक्यता'. कोणीतरी त्याचा अर्थ 'फुफ्फुस आकसलंय' असा सांगितला होता आणि काकूंची तीन रात्री झोप उडाली होती.

आकडे बाजूला ठेवून मी आलेख बघितला. रेघ वर चढत होती आणि दोन सेकंदांवर कापल्यासारखी थांबली होती. काकू म्हणाल्या, "अहो, त्यांनीच सांगितलं, बस झालं म्हणून." मी पुन्हा तपासणी घेतली, शेवटपर्यंत सोडायला लावलं. पहिल्या सेकंदात १.४२ लिटर, म्हणजे जवळपास तेवढीच. पण एकूण हवा २.२४ लिटर निघाली आणि गुणोत्तर आलं ०.६३. हा अडथळ्याचा आकडा आहे, साधारण ०.७० च्या खाली गेलं की तो धरतात. नळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल देऊन १५ मिनिटांनी पुन्हा घेतलं तर पहिल्या सेकंदाची हवा १.६८ वर गेली. डॉक्टरांनी दम्याचं निदान केलं आणि इन्हेलर सुरू झाला.

लवकर थांबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती पेशंटपेक्षा समोरच्या तंत्रज्ञाची जास्त. अरुंद झालेल्या नळ्यांतून हवा हळूहळू निघते. पहिल्या सेकंदाचा वाटा मशीन पकडतं, पण मागची रेंगाळणारी हवा मोजलीच नाही तर भाजक लहान होतो, गुणोत्तर छान दिसतं आणि आजार लपतो. आलेख आडवा होईपर्यंत सोडत राहायचं, मोठ्यांना त्यासाठी सहा सेकंद आणि कधी त्याहून जास्त लागतात. "आता काहीच निघत नाहीये" असं वाटतं तेव्हाही थोडं निघत असतं.

फुंकर घालू नका

आपल्या भाषेतच एक अडचण आहे. आजींना "फुंका" म्हटलं की त्या चहावर फुंकर घालतात तशी हळुवार हवा सोडतात. हिंदीत "लंबी साँस" म्हटलं की लोक सावकाश, लांबवर श्वास घेत बसतात. म्हणून मी सांगतो, आधी छाती फुटेल इतकी भरा, मग रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, पिचकारी मारतात तसा पहिला दणका, आणि त्यानंतर न थांबता शेवटपर्यंत. दणका द्यायला कचरलात तर पहिल्या सेकंदाचा आकडा भरवशाचा राहत नाही. आणि छाती पुरती भरलीच नाही तर दोन्ही आकडे एकदम कमी येतात, निरोगी माणूससुद्धा आजारी दिसतो.

नाकाला चिमटा हवा, ओठ घट्ट हवेत, मान खाली झुकायला नको. कवळी नीट बसत असेल तर काढू नका, तिच्यामुळे ओठांना आधार मिळतो. तीन चांगले प्रयत्न लागतात आणि त्यातल्या उत्तम दोनांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. पहिल्या सेकंदात खोकला आला तर तो प्रयत्न सोडून द्यायचा. मात्र आठच्या पुढे कोणाला दमवू नये.

'डेड स्पेस' या रिपोर्टात शोधू नका

मोबाइलवर वाचून आलेले लोक हल्ली विचारतात, "माझी डेड स्पेस किती आली?" साध्या स्पायरोमेट्रीत ती येतच नाही. किती हवा बाहेर आली आणि किती वेगानं, एवढंच ते मशीन सांगतं.

डेड स्पेस म्हणजे श्वासाचा तो भाग, जो वाटेतच राहतो. घरी नर्मदेचा नळ आला की आधी पाइपात साठलेलं पाणी येतं, मग टाकीचं. श्वासाचंही तसंच. आत घेतलेल्या हवेतला शेवटचा भाग घसा, श्वासनळी आणि तिच्या फांद्यांत अडकतो, फुफ्फुसातल्या बारीक फुग्यांपर्यंत पोचत नाही, आणि सोडताना सगळ्यात आधी तोच बाहेर पडतो. ५०० मिलिलिटरच्या साध्या श्वासात हा भाग सुमारे १५० मिलिलिटर असतो.

आता हिशोब करा. मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी ५०० मिलिलिटर, एकूण ६ लिटर. वाटेतले १५० वजा केले तर फुग्यांना ४.२ लिटर मिळतात. घाबरून कोणी २५० मिलिलिटरचे उथळ २४ श्वास घेतले तरी एकूण ६ लिटरच, पण फुग्यांना फक्त २.४ लिटर. म्हणून धापा टाकणाऱ्या पेशंटला मी आधी पाच मिनिटं खुर्चीवर बसवतो आणि सावकाश, खोल श्वास घ्यायला सांगतो. त्याशिवाय मशीनला हात लावत नाही.

दुसरी गल्लत त्याहून जुनी आहे. पूर्ण सोडल्यावरही छातीत साधारण १.२ लिटर हवा उरते, तिला लोक डेड स्पेस समजतात. ती उरलेली हवा, रेसिड्युअल व्हॉल्यूम, बहुतेक फुग्यांत असते आणि रक्ताशी देवाणघेवाण करतच असते. बाहेर येत नसल्यामुळे स्पायरोमीटरला ती दिसत नाही. तिच्यासाठी हेलियम किंवा नायट्रोजनची पद्धत लागते, नाहीतर काचेच्या बंद केबिनमधली बॉडी प्लेथिस्मोग्राफी. काकूंच्या पहिल्या रिपोर्टावरून 'आकसलंय' म्हणता आलंच नसतं, ते याचमुळे.

खरी डेड स्पेस कार्बन डायऑक्साइडवरून काढतात. फुग्यांतूनच हा वायू येतो, वाटेतली हवा कोरी असते, त्यामुळे उच्छ्वासात तो जितका पातळ, तितकी वाया गेलेली हवा जास्त. हे गणित डेन्मार्कचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान बोर यांनी १८९१ मध्ये मांडलं, आणि १९३८ मध्ये एंगहॉफ यांनी त्यात धमनीतल्या रक्ताचा आकडा घातला. या वायूचा दाब रक्तात ४० आणि एकत्र गोळा केलेल्या उच्छ्वासात २८ असेल तर ४० वजा २८ भागिले ४०, म्हणजे ०.३०. श्वासाचा तीस टक्के भाग वाया, ५०० मधले १५०. निरोगी माणसाचं गणित असं जुळतं.

फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की हा आकडा वाढतो, कारण फुग्यांत हवा पोचते पण तिथे रक्तच येत नाही. अशा माणसाची स्पायरोमेट्री अगदी नॉर्मल येऊ शकते. म्हणून अचानक दम लागलेल्या माणसानं "फुंकायचा रिपोर्ट चांगला आहे" म्हणून घरी बसू नये.

डीएलसीओ तपासणीत, म्हणजे फुग्यांतून रक्तात वायू किती जातो ते थोड्या कार्बन मोनॉक्साइडवरून मोजतात तिच्यात, मात्र डेड स्पेस थेट आडवी येते. दहा सेकंद श्वास रोखून सोडला की पहिले ०.७५ ते १ लिटर फेकून दिले जातात, कारण त्यात वाटेतली हवा मिसळलेली असते, आणि त्यानंतरचा नमुना तपासतात. श्वास मध्येच सुटला तर नमुना बिघडतो. तपासणीआधी सिगारेट ओढली तर रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे आकडा खोटा कमी येतो. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट बरोबर आणा, त्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही.

फुंकण्याच्या आधी

पहिल्यांदा निदानासाठी येत असाल तर इन्हेलर कधी बंद ठेवायचा ते डॉक्टरांना विचारून या. लगेच आराम देणारा चार ते सहा तास, दिवसातून दोनदा घ्यायचा २४ तास, असा साधारण नियम आहे. त्रास वाढला तर मात्र तपासणीसाठी थांबू नका, इन्हेलर घ्या आणि आल्यावर तसं सांगा. छप्पन दुकानवर पोटभर पोहे-जिलेबी खाऊन थेट फुंकायला येऊ नका, भरल्या पोटावर छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा नीट खाली जात नाही.

उंची चप्पल काढून मोजायला लावा. पाठीत बाक असेल तर दोन्ही हात पसरून लांबी घेतात. अपेक्षित आकडा वय, लिंग आणि उंचीवरूनच निघतो, आणि मशीनमध्ये युरोपीय लोकांचं कोष्टक निवडलं असेल तर आपल्या लोकांची फुफ्फुसं विनाकारण कमी दिसतात. तीन लिटरच्या सिरिंजनं आज मशीन तपासलं का, हेही विचारा, २.९१ ते ३.०९ च्या बाहेर गेलं तर त्या दिवशी ते वापरायचं नसतं. राग कोणी मानला तरी विचारा.

नुकताच हार्ट अटॅक, डोळ्याचं ऑपरेशन, छातीत हवा शिरलेली असणं, खोकल्यातून रक्त किंवा टीबीची शंका, यांपैकी काही असेल तर नाकाला चिमटा लावण्याआधी सांगा. जोरात फुंकताना डोक्यात, डोळ्यात आणि छातीत दाब एकदम वाढतो. आणि रिपोर्ट घेताना आकड्यांच्या पानाबरोबर आलेखाचं पानही मागून घ्या, काकूंच्या तपासणीतली चूक त्या पानावरच सापडली होती.