स्लिप गेज घट्ट चिकटवायचे कसे आणि न दुखावता सोडवायचे कसे

पावसात भिजलेली दोन नाणी एकमेकांना चिकटतात, पण बोटाने सरकवली की लगेच सुटतात. नाण्याची कड उचललेली असते. दोन नाणी त्या कडांवरच टेकतात, मध्ये पोकळी राहते, आणि जी काही पकड असते ती पाण्याची. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या टूलरूममधले (साचे-हत्यारे बनवायच्या विभागातले) स्लिप गेज, म्हणजे एकमेकांना जोडून हवे ते माप उभे करायचे अचूक जाडीचे पोलादी ठोकळे, मात्र कोरडे दिसतात, तरी असे बसतात की सरळ ओढून हाताने सुटणे कठीण. असे चिकटवण्याला रिंगिंग (wringing) म्हणतात. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी 1896 च्या सुमारास हे गेज तयार केले.

मधली हवा निघून जाते म्हणून ते चिकटतात, असे शिकाऊ मुलांना सांगितले जाते. ते अपुरे आहे. 35 × 9 मिमीच्या पृष्ठावर हवेचा दाब जेमतेम सव्वातीन किलो भरतो, आणि रिंग केलेले गेज निर्वातातही धरून राहतात. पृष्ठे इतकी सपाट असतात की दोन्हीकडचे रेणू एकमेकांना खेचू लागतात. तेलाचा किंवा बाष्पाचा अगदी पातळ थर ती पकड वाढवतो. हा थर साधारण 25 नॅनोमीटरचा, म्हणून मापात त्याचा फरक धरत नाहीत. चुंबकत्वाचा यात संबंध नाही. उलट, मॅग्नेटिक चकजवळ (यंत्रावर काम चुंबकाने धरणाऱ्या बैठकीजवळ) ठेवलेला गेज लोखंडी कीस ओढून घेतो आणि रिंगिंग बिघडते.

आधी जोडणी कागदावर काढा. 87 गेजांच्या संचातून 41.125 मिमी हवे असेल तर शेवटच्या अंकापासून सुरू करा: 1.005, मग 1.12, मग 9, मग 30. चार गेज पुरे. जितके कमी गेज, तितकी चूक कमी. संरक्षक गेज (झीज सोसायला दोन्ही टोकांना लावायचे) वापरणार असाल तर दोन्ही टोकांचे मिळून 4 मिमी आधीच वजा करून हिशोब मांडा.

खरे काम सफाईचे. गंजरोधक तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग धागे न सोडणाऱ्या कापडाने किंवा शॅमी लेदरने कोरडे करा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे तुषार पृष्ठावर बसतात. उघड्या बोटांचा घाम त्याहून वाईट: खाडीकाठच्या दमट हवेत बोटाचा ठसा गंजाच्या रूपात उमटतो. हातमोजे घाला.

मोठा गेज खाली, लहान त्यावर मध्यभागी आडवा ठेवा. हलका दाब देऊन थोडासा मागेपुढे सरकवा. आधी तेलकट घसरल्यासारखे वाटते, मग पकड जाणवते. पकड आली की 90 अंश फिरवून कडा जुळवा. पातळ गेज वाकतो, तो जाड गेजवरच टोकाकडून सरकवत बसवा. पकड येत नसेल तर जोर वाढवू नका, कारण मध्ये धूळ किंवा बर (कडेला उठलेला धातूचा बारीक कंगोरा) असते आणि जोराने ओरखडा पडतो. दोन्ही पृष्ठे पुन्हा पुसा. तरीही जमेना तर ऑप्टिकल फ्लॅटखाली (अगदी सपाट काचेच्या चकतीखाली) पाहा: प्रकाशाच्या पट्ट्या एके ठिकाणी वाकड्या किंवा तुटक दिसल्या, तर बर तिथेच आहे. ती घासायचा दगड खास याच कामाचा हवा.

माप घेण्याआधी जोडणी सरफेस प्लेटवर (मापनाच्या सपाट पाटावर) थंड होऊ द्या. प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस आहे. 100 मिमीचा पोलादी गेज 30 अंशांवर साधारण 11.5 मायक्रॉनने वाढतो, आणि हातात धरल्यानेही तो तापतो.

सोडवताना सरळ ओढू नका, टोकावर ठोकू नका. पुन्हा आडवा फिरवून सरकवत वेगळा करा. काम झाले की लगेच सोडवा: रात्रभर तसेच ठेवलेले गेज कधी कधी इतके धरतात की सोडवताना पृष्ठ उचकटते. मग पुसून गंजरोधक तेलाचा पातळ थर द्या, पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि पावसाळ्यात ती दर आठवड्याला पाहून ओली झाली असेल तर बदला.