लिनक्स परत टाकताय? आधी डॉटवाल्या फाइल्स सांभाळा

लिनक्स परत टाकायची वेळ आली की बरेच जण डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स एवढंच कॉपी करतात आणि इन्स्टॉलर सुरू करतात, मग दोन दिवसांनी कळतं की ब्राउझरचे पासवर्ड गेले, मेलचं सेटिंग गेलं, टर्मिनलचे शॉर्टकट गेले. माझी तर एकदा एसएसएच की (सर्व्हरवर लॉगिन करायची किल्लीची फाइल) गेली, कारण मी फाइल मॅनेजरमधून सगळं सिलेक्ट केलं पण लपलेल्या फाइल्स दिसतच नव्हत्या, त्यामुळे त्या सिलेक्टच झाल्या नाहीत. की एकदा गेली की परत मिळत नाही, नवीन बनवून प्रत्येक सर्व्हरवर टाकत बसावं लागतं.

तर पहिली गोष्ट, लिनक्समध्ये तुमची जवळजवळ सगळी सेटिंग्ज होम फोल्डरमध्येच असतात, फक्त नावाच्या सुरुवातीला डॉट असल्यामुळे दिसत नाहीत. बहुतेक फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतात. डॉट कॉन्फिग आणि डॉट लोकल हे दोन सगळ्यात मोठे, मग डॉट एसएसएच, डॉट जीएनयूपीजी (यात एन्क्रिप्शनच्या जीपीजी की असतात), डॉट मोझिला (फायरफॉक्स), डॉट थंडरबर्ड. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या अ‍ॅप टाकायच्या दोन वेगळ्या पद्धती, त्यातल्या फ्लॅटपॅकची अ‍ॅप्स वापरत असाल तर त्यांचा डेटा डॉट व्हार फोल्डरमध्ये असतो आणि स्नॅपचा स्नॅप नावाच्या साध्या फोल्डरमध्ये. उबुंटू 22.04 पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणूनच येतो, म्हणजे तिथे तुमचे बुकमार्क डॉट मोझिलात शोधून सापडणार नाहीत, स्नॅप फोल्डरमध्ये बघा. डॉट कॅश मात्र खुशाल सोडून द्या, ते परत तयार होतं.

कॉपी करायला टर्मिनलमधली आरसिंक ही कमांड वापरा, स्मॉल ए ऑप्शन देऊन, म्हणजे परवानग्या, तारखा, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणाऱ्या लिंक) सगळं जसंच्या तसं जातं. त्याआधी ब्राउझर आणि मेल क्लायंट बंद करा, चालू असताना त्यांच्या डेटाबेस फाइल्स अर्धवट कॉपी होऊ शकतात. आणि ज्या डिस्कवर बॅकअप घेताय ती एक्स्ट४ (लिनक्सचा डिस्क फॉरमॅट) असलेली बरी, कारण फॅट३२ किंवा एक्सफॅट लिनक्सच्या परवानग्या आणि मालकी साठवतच नाहीत, शिवाय फॅट३२ वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. दुसरी डिस्क नसेलच तर आख्ख्या होमची एक टार फाइल (सगळं एकाच फाइलमध्ये बांधलेलं) करून एक्सफॅटवर ठेवा, टारच्या आत परवानग्या टिकतात. बॅकअप झाल्यावर तो उघडून दोन-चार फाइल्स खरंच बघा, प्लीज हे टाळू नका.

होमच्या बाहेरचंही थोडं घ्यायचं असतं. ईटीसी या सिस्टिम सेटिंग्जच्या फोल्डरची एक कॉपी ठेवा, वायफायचे पासवर्ड बऱ्याचदा तिथेच नेटवर्कमॅनेजरच्या फोल्डरमध्ये असतात. पण ती कॉपी फक्त बघायला, जुनी एफएसटॅब (बूट होताना कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) नव्या सिस्टिमवर डकवली तर यूयूआयडी (पार्टिशनचे ओळख क्रमांक) जुळणार नाहीत आणि मशीन बूटच होणार नाही. क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) वेगळा लिहून घ्या. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसचा डेटाबेस असेल तर डंप काढा (म्हणजे डेटा फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा), फोल्डर उचलून नेण्याच्या भरवशावर राहू नका. ऑप्ट आणि यूएसआर लोकलमध्ये हाताने काही टाकलं असेल तर तेही. डेबियन-उबुंटूवर एपीटी मार्क कमांडला शोमॅन्युअल सांगितलं की स्वतः टाकलेल्या पॅकेजची यादी मिळते, आर्चवर पॅकमॅनच्या कॅपिटल क्यू, स्मॉल क्यू, स्मॉल ई ऑप्शनने, ती एका फाइलमध्ये सेव्ह करा.

होमचं वेगळं पार्टिशन असेल तर काम खूप सोपं. इन्स्टॉलरमध्ये मॅन्युअल पार्टिशनिंग घ्या, रूटचं (सिस्टिमचं) पार्टिशन फॉरमॅट करा, होमच्या पार्टिशनला फक्त माउंट पॉइंट (ते कुठे जोडायचं तो पत्ता) द्या आणि फॉरमॅटची टिक काढलीये ना हे दोनदा बघा. कुठलं पार्टिशन कुठलं ते आधी एलएसबीएलके ही कमांड एकदा साधी आणि एकदा स्मॉल एफ ऑप्शन देऊन चालवून साइज आणि यूयूआयडीसकट लिहून ठेवा, कारण लाइव्ह यूएसबीवरून बूट केल्यावर डिस्कची नावं बदललेली असू शकतात. फेडोरा 33 पासून वर्कस्टेशनमध्ये डिफॉल्ट फाइल सिस्टिम बीटीआरएफएस आहे, तिथे होम हे वेगळं पार्टिशन नसून सबव्हॉल्यूम (त्याच पार्टिशनमधला एक भाग) असतं, म्हणून आख्खं पार्टिशन फॉरमॅट केलं तर होमही जाईल. आणि काहीही असलं तरी बॅकअप घ्याच, चुकीच्या टिकला अनडू नसतं.

नवीन सिस्टिममध्ये युजरनेम जुनंच ठेवा. पहिल्या युजरचा नंबर साधारण 1000 असतो त्यामुळे फाइल्सची मालकी आपोआप जुळते, नाही जुळली तर सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क) लावून सीएचओन ही मालकी बदलायची कमांड चालवायची. एसएसएच फोल्डरला 700 (फक्त मालकाला पूर्ण हक्क) आणि प्रायव्हेट कीला 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) परवानगी लागते, की जास्त मोकळी असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं.

बॅकअपमधून आणताना मात्र सगळं एकदम ओतू नका, विशेषतः डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरा वगैरे) किंवा डेस्कटॉप बदलला असेल तर. ग्नोम डेस्कटॉपवरून केडीईवर गेलात तर जुनं डॉट कॉन्फिग आख्खं नकोच, त्यातले लागणाऱ्या अ‍ॅप्सचे फोल्डर तेवढे आणा. नव्या सिस्टिमवर फायरफॉक्सचं जुनं व्हर्जन असेल तर ते नव्या व्हर्जनचं प्रोफाइल उघडत नाही, आधी अपडेट करा. होम पार्टिशन तसंच ठेवलंय आणि लॉगिन केल्यावर डेस्कटॉप विचित्र वागतोय, तर डॉट कॉन्फिग डिलीट न करता त्याचं नाव बदला आणि परत लॉगिन करा, मग लागेल तसं एकेक फोल्डर परत आणा. बॅकअपची डिस्क निदान महिनाभर तशीच ठेवा, कारण एखादा फॉन्ट, एखादी जीपीजी की, एखादी स्क्रिप्ट राहिलीये हे तेव्हाच आठवतं जेव्हा ती लागते.