गच्चीची चावी आणि सोलरचा हिशोब

मुंबईत सोलर बसवायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, "पॅनेल कितीला पडतं?" मी उलटा प्रश्न विचारतो, गच्चीची चावी कोणाकडे आहे?

वसई, गोराई किंवा मढच्या बाजूला स्वतःचं बैठं घर किंवा बंगला असेल, तर चावी तुमच्याच खिशात. इथले बाकीचे आपण सगळे सोसायटीत राहतो आणि गच्ची सगळ्यांची असते. तिथे एकट्याच्या फ्लॅटसाठी पॅनेल लावायचे तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं. आज तुम्हाला दोनशे चौरस फूट दिले, तर उद्या बाकीचे सत्तावीस जण आपापली जागा मागणार. म्हणून माझा सल्ला असा की सोसायटीत असाल तर सोलर कॉमन मीटरवर बसवा. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल कमी झालं की मेंटेनन्स सगळ्यांचाच हलका होतो, आणि एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, हात वर करायला लोक तयार होतात. आमच्या गोरेगावच्या सात मजली, अठ्ठावीस घरांच्या इमारतीत आम्ही हेच केलं. चुकाही केल्या, त्या पुढे सांगतो.

आधी बिलं काढा

मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा आणि रुपयांचा रकाना सोडून युनिटचा बघा. मुंबईत १ किलोवॅटची यंत्रणा वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिट देते. मार्च ते मे भरभरून, जुलै-ऑगस्टमध्ये रडतखडत. जागा लागते किलोवॅटमागे १०० चौरस फुटांच्या आसपास, तीही बिनसावलीची.

घरगुती दर टप्प्यांनी चढत जातो, पहिली १०० युनिट स्वस्त आणि पुढची महाग. सोलर आधी ती वरची महाग युनिट खातं. त्यामुळे ज्यांचं बिल महिन्याला शंभर युनिटांच्या आतच संपतं, त्यांनी या भानगडीत पडू नये, पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील. तीनशे-चारशे युनिट जाळणाऱ्या घराला २ ते ३ किलोवॅट बरोबर बसतं.

जास्त बसवून वीज विकू, हा हिशोबही करू नका. नेट मीटरिंगमध्ये दिवसा जास्तीची झालेली वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यात जाते, तिची युनिट तुमच्या खात्यावर जमा होतात आणि पुढच्या महिन्यात वळती होतात. पण हे खातं एप्रिल ते मार्च चालतं. मार्चअखेर जे उरतं ते वीज कंपनी ठरलेल्या दराने घेते, आणि तो दर तुम्ही बिलात भरता त्यापेक्षा बराच कमी असतो. शिवाय स्थिर आकार, म्हणजे वीज वापरा न वापरा बिलात लागणारी ठरलेली रक्कम, कुठे जात नाही. "बिल झिरो" असं छातीठोक सांगणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा.

सावली खडूने आखा

या पायरीला पैसे लागत नाहीत, एक सुट्टीचा दिवस लागतो. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला सर्वात खाली असतो, सावल्या सर्वात लांब पडतात. आम्ही एका रविवारी सकाळी नऊला, बाराला आणि साडेतीनला पाण्याच्या टाक्यांच्या आणि लिफ्टच्या मशीन रूमच्या सावलीची कड गच्चीवर खडूने आखली. दुसऱ्या मजल्यावरच्या पोरी त्यावर लंगडी खेळून गेल्या, तरी रेघा पुरल्या. तिन्ही वेळी बिनसावलीची राहिलेली जागा मोजली तर गच्चीच्या १,८०० चौरस फुटांतली कामाची निघाली जेमतेम १,१००. विक्रेत्याने त्याच गच्चीवर १५ किलोवॅट काढून दाखवले होते! आम्ही १० वर थांबलो.

सावलीला एवढं भ्यायचं कारण असं की पॅनेल एका माळेत जोडलेले असतात. एकावर टाकीची सावली पडली की फटका माळेला बसतो. सावली टाळताच येत नसेल तर प्रत्येक पॅनेलला वेगळा मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर, म्हणजे त्याचं काम बाकीच्यांपासून सुटं करणारा छोटा डबा, लावता येतो, पण खर्च वाढतो. शेजारच्या प्लॉटवर टॉवर उठणार असेल तर दक्षिण बाजू नीट विचारून घ्या.

इमारत तीस वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट तसंही बंधनकारक आहे. त्याच इंजिनियरला विचारा की स्लॅबला पॅनेलच्या सांगाड्याखाली लागणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचं वजन झेपेल का. आणि रीडेव्हलपमेंटची कुजबुज सुरू असेल, तर दोनदा विचार करा. यंत्रणेचे पैसे सुटायच्या आत इमारत पडणार असेल, तर निदान सांगाडा वेल्डिंगचा नको, नट-बोल्टचा करा, उतरवून नेता येतो.

बॅटरी नको

मुंबईकराचे सर्वात जास्त पैसे इथे वाचतात. इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारा डबा. ते तीन तऱ्हेचे. ऑन-ग्रिड, जो ग्रिडच्या जोडीने चालतो. ऑफ-ग्रिड, जो बॅटरीवर चालतो. आणि हायब्रिड, जो दोन्ही करतो. मुंबईत वीज क्वचित जाते. त्या क्वचितसाठी बॅटरीत पैसे घालायचे आणि लेड-अ‍ॅसिड असेल तर चार-पाच वर्षांत पुन्हा घालायचे, यात शहाणपण नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते, आणि ती टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची. म्हणजे एवढा डोलारा एका युनिटसाठी.

मात्र एक गोष्ट सभेत आधीच सांगून टाका. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद होतो, कारण तो चालू राहिला तर खाली तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तशा दिवशी डोक्यावर ऊन असूनही ऑन-ग्रिड यंत्रणा गप्पच बसते. हे आधी सांगितलं नाही, तर पहिल्याच खंडिततेला "सोलर असून लिफ्ट बंद कशी?" म्हणून तळमजल्यावरचे काका तुमची बेल वाजवतात. आमच्याकडे वाजवली.

घरी ऑक्सिजन मशीनवर कोणी असेल किंवा तुम्ही वीज वारंवार जाणाऱ्या भागात राहत असाल, तर गोष्ट वेगळी. तिथे हायब्रिड आणि लिथियम बॅटरी घ्या, पण तीही दोन दिवे, पंखा, मशीन एवढ्यापुरती.

आणि बाल्कनीत एक पॅनेल टांगून त्याची वायर सॉकेटमध्ये खुपसण्याचे उद्योग करू नका. परवानगीशिवाय ग्रिडमध्ये वीज सोडणं धोक्याचं आहे.

कोटेशन वाचायचं कसं

तीन कोटेशन मागवा आणि तिन्हीत किलोवॅटमागे दर काढा. घरगुती सबसिडी ठरवताना सरकारने पहिल्या २ किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ५०,००० आणि तिसऱ्यासाठी ४५,००० रुपये खर्च धरलाय. हा आकडा फूटपट्टीसारखा वापरा. उंच इमारत, उंच सांगाडा, लांब केबल यांनी तो वाढतो. पण दीडपट झाला तर का झाला ते लेखी मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तो जुन्याच दराने लावलेला नाही ना, हेही बघा.

पॅनेलच्या कंपनीवर लोक तासन् तास भांडतात. माझ्या मते तिथे फारसा फरक नाही. सबसिडी हवी तर पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतीय बनावटीचे लागतात, म्हणजे डीसीआर. बिलावर तसं लिहून घ्या, २५ वर्षांची कामगिरीची हमी आणि इन्व्हर्टरची हमी कागदावर घ्या, आणि पुढे सरका.

भांडायचं असेल तर सांगाड्यावर भांडा. मुंबई समुद्रकाठची. इथलं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइझ्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला), लेप किमान ८० मायक्रॉन, नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. बांधकामाच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी जवळजवळ १६० किलोमीटर. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ नुसतं जवळून गेलं, तरी कुलाब्याला वारा ताशी शंभराच्या वर होता. तेव्हा "आमचा फॅब्रिकेटर करून देईल" हे उत्तर चालणार नाही, वाऱ्याच्या भाराचा हिशोब इंजिनियरच्या सहीने मागा. इथे वाचवलेले वीस हजार एखाद दिवशी खालच्या गाडीच्या टपावर पॅनेल होऊन पडतात.

आता केबल, कारण आमचा घोळ तिथे झाला. इन्व्हर्टर वर मशीन रूमशेजारी, मीटर रूम तळमजल्यावर, मध्ये सात मजले. कंत्राटदाराने बारीक अ‍ॅल्युमिनियमची केबल सोडली. महिनाभर सगळं छान, मग मार्चपासून रोज दुपारी एकच्या सुमारास इन्व्हर्टर बंद पडायला लागला. ऐन उन्हात! स्क्रीनवर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज'. झालं असं होतं की आमच्याकडचं व्होल्टेज दुपारी आधीच चढं असतं, त्यात बारीक केबलमधून भरपूर वीज खाली ढकलायची म्हणून इन्व्हर्टरला आपलं व्होल्टेज आणखी चढवावं लागे, आणि मर्यादा ओलांडली की तो स्वतःला तोडून घेई. जाड केबल टाकल्यावर दुखणं गेलं, पण दोन महिन्यांचं सर्वात चांगलं ऊन वाया गेलं. म्हणून केबलची जाडी आणि धातू कोटेशनमध्ये लिहून घ्या. अर्थिंग तीन वेगळी हवीत, डीसी बाजूचं, एसी बाजूचं आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या तडितरोधकाचं.

हमालीही विचारा. आजचं ५४० वॅटचं पॅनेल सव्वादोन मीटर लांब आणि २७-२८ किलोचं असतं, ते लिफ्टमध्ये मावत नाही. जुन्या जिन्याच्या वळणावर तर मजा बघायला मिळते. डोक्यावरून नेऊ देऊ नका, काच शाबूत दिसते पण आत सेलला केसासारख्या भेगा पडतात. दोघांनी उभं धरून न्यायचं.

सबसिडी आणि कागद

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत घराला १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा जास्तला ७८,००० रुपये मिळतात. सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,०००, घरटी ३ किलोवॅट या हिशोबाने कमाल ५०० किलोवॅटपर्यंत.

उदाहरणादाखल, १० किलोवॅटला सहा लाख खर्च धरा. सबसिडी १ लाख ८० हजार. उरले ४ लाख २० हजार. वर्षाला १३,००० युनिट, कॉमन मीटरचा दर दहा रुपये धरला, तर वर्षाला १ लाख ३० हजार वाचतात. सव्वातीन वर्षांत पैसे सुटले. तुमचा खरा दर बिलावर आहे, तो घालून गणित पुन्हा करा.

अर्ज योजनेच्या पोर्टलवर करायचा. राज्य, वीज कंपनी, ग्राहक क्रमांक. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, उपनगरांत बहुतेक अदानी इलेक्ट्रिसिटी, भांडुप-मुलुंडला महावितरण, आणि टाटा पॉवरचे ग्राहक शहरभर, तेव्हा अंदाजाने न भरता बिलावरचं नाव बघा. त्या बिलावर नाव कोणाचं आहे, तेही बघा. मुंबईत कितीतरी बिलं अजून आजोबांच्या नाहीतर जुन्या मालकाच्या नावावर येतात. अर्जदाराचं नाव आणि बिलावरचं नाव जुळलं नाही की गाडी तिथेच अडते, म्हणून आधी नावबदल. सोसायटीने सर्वसाधारण सभेचा ठराव करावा आणि खर्च कोणत्या निधीतून, देखभाल कोण करणार, हे त्यातच लिहावं.

१० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची (म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला ही वीज झेपेल का याची) तपासणी लागत नाही, हा २०२४ चा नियम आहे. पुढे पोर्टलवर नोंदणी असलेलाच विक्रेता निवडा. दुसऱ्याकडून केलंत तर सबसिडी विसरा. बसवून झालं की वीज कंपनी तपासते, नेट मीटर लावते, मग पोर्टलवर बँक खातं भरायचं. पैसे खात्यात येतात, म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करायची असते. घरासाठी ३ किलोवॅटपर्यंत सरकारी बँका विनातारण कर्ज देतात. विक्रेत्याला मात्र हप्त्यांनी द्या आणि शेवटचे १५-२० टक्के नेट मीटर फिरेपर्यंत हातात ठेवा. पॅनेल चढले की फोन न उचलणारे बरेच असतात.

बसवताना आणि नंतर

गच्चीला ड्रिल मारू देऊ नका. वॉटरप्रूफिंग फोडलं तर पावसात वरच्या मजल्यावरच्या वहिनी बादली घेऊन तुमच्या दारात. सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा करता येतो. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल साधारण १५ ते १९ अंश. इन्व्हर्टर सावलीत, हवा खेळेल अशा भिंतीवर. पॅनेलखालून माणूस वाकून जाईल एवढी उंची ठेवा, नाहीतर टाकीवाल्याला जायला वाट राहत नाही आणि कबुतरांना घर मिळतं.

कबुतरं हा मुंबईचा खास खर्च. पॅनेलच्या कडेने जाळी पहिल्याच दिवशी लावा. आम्ही सहा महिन्यांनी लावली, तोवर तीन घरटी झाली होती आणि अंडी असल्याने पिल्लं उडेपर्यंत थांबावं लागलं.

धुणं पंधरवड्यातून एकदा, सकाळी सातच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, साबणही नको, मऊ वायपर पुरतो. आमचा वॉचमन शनिवारी टाकी भरून वाहायला लागली की त्याच पाण्याने धुतो. मग महिन्याच्या एक तारखेला इन्व्हर्टरवरचा युनिटचा आकडा वहीत लिहितो. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा पाचवा हिस्सा खाली आला, तर तो मला हाक मारतो, आणि आम्ही दोघं गच्चीवर जाऊन बघतो, नवीन सावली कोणाची पडली.