सामी आणि नॉर्स वस्तीवर टिपण कसे तयार करावे

बडोद्याच्या एखाद्या मराठी अभ्यासमंडळात उत्तर स्कँडिनेव्हियावर टिपण वाचायचे म्हटले, की तेथे आधी कोण आले, सामी (तेथील आदिवासी समाज) की नॉर्स (शेती करणारे, जर्मानिक भाषेचे लोक), हा श्रोत्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. टिपणाची उभारणी मात्र त्या प्रश्नावर करू नये. कोणत्या शतकात, कोणत्या जमिनीवर, कोण कशावर जगत होते, अशी मांडणी करावी. हाती असलेला पुरावा उत्तर देतो ते याच प्रश्नाला.

सुरुवात नकाशाने करावी. लोहयुगातील नॉर्स शेतवस्त्या नॉर्वेच्या बाहेरच्या किनाऱ्याने उत्तरेला साधारण ट्रॉम्सोच्या परिसरापर्यंत दाखवाव्यात, कारण त्यापलीकडे सातूचे पीक भरवशाचे नव्हते. त्याच किनाऱ्यावरील लोफोटेन बेटांमधील बोर्ग येथे उत्खननात सापडलेले ८३ मीटर लांबीचे सरदाराचे घर आवर्जून नोंदवावे. फ्योर्डांचे (जमिनीत खोल शिरलेल्या खाड्यांचे) आतले भाग, डोंगराळ अंतर्भाग आणि नॉर्वेचे उत्तर टोक असलेला फिनमार्क सामींच्या रंगाने भरावेत. रंगांमधील रेघ ठळक ओढू नये, आणि स्वीडनमधील हार्येदालेनमध्ये विव्हालेन येथे व्हायकिंग काळाच्या सुमाराची सामी दफने सापडली असल्यामुळे सामींचा रंग दक्षिणेतही उमटला पाहिजे.

सर्वाधिक वेळ ओत्तारच्या निवेदनाला द्यावा. माझ्या मते या विषयातील हा सर्वांत बोलका पुरावा आहे. उत्तर नॉर्वेतील हालोगालांडचा हा सरदार इ. स. ८९० च्या सुमारास इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला सांगतो, की सर्व नॉर्स लोकांत आपणच सर्वांत उत्तरेला राहतो. त्याच्याकडे माणसाळवलेली ६०० रेनडियर आहेत, पण गाई, मेंढ्या आणि डुकरे प्रत्येकी २० च. त्याची खरी मिळकत सामींकडून येणाऱ्या खंडणीची असून, त्यांच्यातील उच्चकुलीन माणसाला मार्टेन या मुंगसासारख्या प्राण्याची १५ कातडी, रेनडियरची ५, अस्वलाचे एक, पिसे आणि जहाजाचे दोन दोर एवढे द्यावे लागे. उत्तरेकडचा प्रदेश तो ओसाड म्हणतो आणि लगेच तेथील सामींचे तळही सांगतो, म्हणजे त्याच्या लेखी ओसाड याचा अर्थ शेती नसलेला. त्याच्या ६०० रेनडियरांवरून मोठ्या कळपांचे पशुपालन तेव्हाच सर्वत्र रुजले होते असे मात्र लिहू नये. ते बरेच नंतर, १६ व्या-१७ व्या शतकांत पसरले.

त्या काळचे सामींचे स्वतःचे लेखन उपलब्ध नाही. दांडिया बाजारातील वाड्याची सनद मालकाचे नाव सांगते, त्याआधी त्या जागेवर कोण राहत होते ते सांगत नाही, तसेच येथे समजावे आणि उरलेली जागा पुरातत्त्व व भाषाशास्त्राने भरावी. सामी भाषा फिनिशप्रमाणे उरालिक कुळातील असून तिचा उगम पूर्वेकडचा आहे. तरीही तिच्यातील आद्य-नॉर्स (नॉर्स भाषेच्या पूर्वरूपातील) उसने शब्द व्हायकिंग काळापूर्वीच्या संपर्काची साक्ष देतात. फिनमार्कमधील आल्ता येथील शिलाचित्रांपैकी सर्वांत जुनी ६,००० वर्षांहून अधिक प्राचीन आहेत, पण ती आजच्या कोणत्याही एका समाजाच्या नावावर चढवू नयेत. अशा जागी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागातील एखाद्या विद्यार्थ्याकडून मसुदा तपासून घेतलेला बरा.

प्रत्येक मताशेजारी ते मांडल्याचे वर्ष लिहावे. इंग्वार निल्सेन या नॉर्वेजियन इतिहासकाराने १८९१ च्या सुमारास दक्षिण सामी (सामींची दक्षिणेकडील शाखा) आपल्या आजच्या भागात उशिरा आले असे मांडले आणि ते मत पुढे चराईच्या वादांत सामींविरुद्ध वापरले गेले. याउलट नॉर्वे व स्वीडन यांच्यातील १७५१ च्या सीमाकराराच्या पुरवणीने सामींना रेनडियरांसह सरहद्द ओलांडण्याचा हक्क मान्य केला होता, आणि २०२० मध्ये स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने गिर्यास या रेनडियर पाळणाऱ्या सामी गटाच्या बाजूने निकाल देताना जमिनीच्या प्रदीर्घ वापराचा आधार घेतला. हा भाग टिपणात शेवटी ठेवावा. पुरावा ऐकण्याआधी निकाल कळला, तर श्रोते वाद घालू लागतात आणि नकाशा तसाच राहतो.