प्रोजेक्शनांवरून सीटीची प्रतिमा कशी उभी करायची

सुरुवात २५६ बाय २५६ पिक्सेलांच्या शेप-लोगन फँटमवर (डोक्याच्या छेदासारखं, लंबवर्तुळांचं ठरावीक चाचणी-चित्र) करा. उत्तर आधीच माहीत असलं की चूक लगेच पकडता येते. ० ते १८० अंशांत साधारण ४०० प्रोजेक्शन, म्हणजे एकेका कोनातून पडणाऱ्या क्ष-किरण सावल्या, घ्या (रुंदीचे पिक्सेल गुणिले १.५७). ६० वर भागवलंत तर कडांपासून रेघा फुटतात.

प्रोजेक्शन तशीच, ज्या कोनातून आली त्याच दिशेने चित्रभर उलट पसरली तर सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, कारण कमी वारंवारतांना (चित्रातल्या सावकाश बदलांना) वाजवीपेक्षा जास्त वजन मिळतं. म्हणून आधी प्रत्येक प्रोजेक्शनच्या ओळीला रॅम्प फिल्टर (वारंवारता वाढेल तसं वजन वाढवणारा) लावा. त्यापूर्वी शून्यं जोडून ओळ दुप्पट लांब करा, नाहीतर दोन्ही टोकं एकमेकांत मिसळतात. खऱ्या डेटात रॅम्प गोंगाटही फुगवतो. तिथे वरच्या वारंवारता हळूहळू दाबणारी हान विंडो वापरा, थोडा तपशील गेला तरी चालतं.

ठिपक्याच्या जागी छोटं अर्धवर्तुळ दिसतंय? फिल्टर बदलत बसू नका, फिरण्याचा मध्य सरकलाय.